अळंबीची ओळख ठशावरून

रानातली अळंबी ओळखायला शिकणारा माणूस आधी टोपीचा रंग बघतो. नेमका तोच पुरावा सगळ्यांत बेभरवशाचा. पाऊस लागला की रंग फिकटतो, उन्हात बदलतो आणि एकाच जातीची कोवळी व जून अळंबी दोन वेगळ्या जातींची वाटते. बीजाणूंचा, म्हणजे अळंबीच्या बीजासारख्या सूक्ष्म कणांचा रंग मात्र सहसा हवामानाला जुमानत नाही. एलियास फ्रीस या स्वीडिश शास्त्रज्ञाने 1821 पासून अळंब्यांची वर्गवारी मांडली तेव्हा याच रंगाचा मोठा आधार घेतला होता.

एक बीजाणू डोळ्यांना दिसत नाही. बहुतेकांची लांबी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. लाखो एकत्र पडले की रंग दिसतो. त्यासाठी देठ कापून टोपी कागदावर कल्ले (टोपीखालचे पातळ पापुद्रे) खाली करून ठेवायची, वर वाटी पालथी घालायची आणि रात्रभर हात लावायचा नाही. कागद अर्धा पांढरा, अर्धा काळा घ्यावा, कारण पांढऱ्या कागदावर पांढरा ठसा दिसणार कसा? सकाळी कल्ल्यांची रेघ न् रेघ उमटलेली असते: पांढरी, गुलाबी, तपकिरी, जांभळट किंवा काळी. क्लोरोफिलम मॉलिब्डायटिस या विषारी अळंबीचा ठसा तर हिरवा पडतो, आणि असा रंग फार दुर्मीळ. कोवळेपणी तिचे कल्ले पांढरे असतात, त्यामुळे ती एका खाद्य अळंबीसारखी दिसते आणि अनेकांना फसवते.

ठशाइतकंच महत्त्व बुंध्याला. अळंबी उपटू नये, खालून माती उकरून अख्खी काढावी. अतिविषारी ‘डेथ कॅप’च्या देठाशी पिशवीसारखं आवरण असतं, आणि ते बऱ्याचदा मातीतच राहून जातं. पेंढ्यावर वाढणाऱ्या खाद्य अळंबीलाही अशीच पिशवी असते! तिचा ठसा गुलाबी, डेथ कॅपचा पांढरा. पण दोन्ही न उमललेल्या, अंड्यासारख्या अवस्थेत असतील तर ठसा मिळतच नाही.

चांदीचा चमचा काळा पडतो का, गोगलगायीने कुरतडली आहे का, या विषारी अळंबी ओळखण्याच्या कसोट्या निव्वळ भाकड आहेत. डेथ कॅपमधलं अ‍ॅमाटॉक्सिन हे विष शिजवूनही नष्ट होत नाही. ते पेशींमधलं आरएनए बनवणारं विकर बंद पाडतं. उलट्या-जुलाब सहसा सहा ते बारा तासांनी, कधी त्याहूनही उशिरा सुरू होतात. मग थोडं बरं वाटतं, आणि त्याच काळात यकृत निकामी होत असतं. नवशिक्याने म्हणूनच ओळख पटवण्याचा छंद आणि खाण्याची हौस यांची गाठ घालू नये.

जात पक्की करायला कधी सूक्ष्मदर्शक लागतो, कधी डीएनए. त्यासाठी सुकवलेला नमुना आणि ठशाचा कागद जपून ठेवतात. कागदावर तारीख, जागा, वास आणि अळंबी मातीत, लाकडावर की शेणावर उगवली होती ते तिथेच, ताजं असताना लिहावं. वास तर घरी येईपर्यंतच बदलतो.