ग्रॅपलिंग मोजायचं कशावरून? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

एमएमएतल्या (मिश्र मार्शल आर्ट्समधल्या) एखाद्या खेळाडूचं ग्रॅपलिंग, म्हणजे धरपकडीची कला, खरंच चांगली आहे का, यावर वाद पेटला की एक जण त्याचे टेकडाउन (समोरच्याला खाली पाडणं) मोजतो, दुसरा सबमिशन (डाव टाकून हार मान्य करायला लावणं). दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, म्हणून वाद मिटत नाही. याचं मूळ खेळाच्या सुरुवातीलाच सापडतं.

1993 मध्ये डेन्व्हरला झालेली पहिली यूएफसी ही एमएमए स्पर्धा ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या (जमिनीवर डाव टाकून लढण्याच्या कलेच्या) रॉयस ग्रेसीनं जिंकली. डिसेंबर 1994 मध्ये त्याची गाठ पडली डॅन सेव्हर्नशी. सेव्हर्न मुरलेला कुस्तीगीर, वजनानंही कितीतरी जड. त्यानं ग्रेसीला खाली घेतलं आणि पंधरा मिनिटं दाबून धरलं. तरी जिंकला ग्रेसी, तोही पाठीवर पडूनच. सेव्हर्नचा एक हात ग्रेसीच्या पायांच्या आत, दुसरा बाहेर. एक पाय मानेवर आडवा, त्याचा घोटा दुसऱ्या गुडघ्याच्या खाचेत. हा ट्रँगल चोक, पायांनी गळा आवळण्याचा डाव.

पुढे कुस्तीगीर शहाणे झाले. 1996 मध्ये मार्क कोलमननं वरूनच ठोसे मारून सामने संपवले. पण जुलै 1997 मध्ये किकबॉक्सर मॉरिस स्मिथ खालून त्याला बांधून ठेवत राहिला. कोलमन दमला आणि पंचांच्या निर्णयावर हरला. पकड भक्कम, पण दम संपला की तीच पकड ढिली पडते.

नंतर 5 मिनिटांच्या फेऱ्या रूढ झाल्या. माझ्या मते गार्डची (पाठीवर पडून पायांनी समोरच्याला धरून लढण्याची) किंमत सर्वांत जास्त घटवली ती यानंच. सेव्हर्नच्या चुकीची वाट पाहायला ग्रेसीकडे सलग वेळ होता. आता घंटा वाजली की दोघंही पुन्हा उभे.

जुलै 2017 चा डेमियन माया–टायरन वूडली सामना तर या वादात हमखास निघतो. माया 2007 चा एडीसीसी या ग्रॅपलिंग स्पर्धेतला विजेता. त्यानं वीसहून जास्त वेळा टेकडाउनचा प्रयत्न केला, एकही लागला नाही. माया एकेरी पट धरायला खाली गेला की वूडली कंबर मागे टाकून वजन त्याच्यावर सोडायचा आणि पाय सोडवून घ्यायचा. यावरून मायाला जमिनीवरची कला येत नाही असं म्हणणं चूकच; ती दाखवायला आधी समोरचा जमिनीवर यावा लागतो.

उलट टोकाला खबीब नुर्मागोमेडोव्हचे मे 2013 मधले 21 टेकडाउन. आकडा थक्क करणारा, पण प्रतिस्पर्धी एबेल ट्रुहिओ इतक्यांदा खाली आला तो पुन्हा पुन्हा उठत होता म्हणूनच. नंतरचा खबीब मला जास्त घातक वाटतो: रिंगणाच्या जाळीला टेकून बसलेल्याचे दोन्ही पाय स्वतःच्या पायांत अडकवायचे, एक मनगट त्याच्या पाठीमागून पकडायचं. टेकू द्यायला हात उरत नाही, तोंड उघडं पडतं. टेकडाउनच्या रकान्यात याची नोंद फक्त 1.

2017 पासूनच्या गुणांकन निकषांतही हेच आलं: नुसती जागा बदलली म्हणजे टेकडाउन नव्हे, त्यातून हल्ला उभा राहायला हवा.