रेडिओ स्कॅनिंग (मुंबई)

रेडिओच्या निरनिराळ्या वारंवारता चाळत जायचे आणि कुठे हालचाल दिसली की थांबून ऐकायचे, असा हा छंद. यात फक्त ऐकणे असते. ज्याला बोलायचेही आहे त्याने परीक्षा देऊन हॅम, म्हणजे हौशी रेडिओचा परवाना घ्यावा.

पूर्वी अमेरिकेत या छंदाची खरी ओढ पोलिसांचे वायरलेस ऐकण्यात असे. बिनतारी यंत्रणा डिजिटल झाल्या, त्यांतल्या अनेकांना सांकेतिक कुलूप लागले आणि जुने स्कॅनर माळ्यावर गेले. छंदाला पुन्हा जीव आणला तो एका स्वस्त वस्तूने. २०१२ च्या सुमारास लक्षात आले की, टीव्ही पाहण्यासाठी बनवलेल्या यूएसबी डोंगलमधली रिअलटेकची आरटीएल२८३२यू ही चिप कच्चा संकेत थेट संगणकाला देऊ शकते. उरलेला रेडिओ सॉफ्टवेअरने बनतो. दोनेक मेगाहर्ट्‌झचा पट्टा चित्ररूपाने एकदम पडद्यावर वरून खाली सरकत राहतो. कानांचा छंद निम्मा डोळ्यांचा झाला, तो इथे.

मुंबईकराच्या वाट्याला यात विमानतळ आणि समुद्र दोन्ही येतात. विमानांची बोलणी ११८ ते १३७ मेगाहर्ट्‌झवर चालतात आणि आजही साध्या एएम पद्धतीने. हा मागासलेपणा नव्हे. दोन वैमानिक एकाच वेळी बोलले तर एफएममध्ये जोरकस आवाज दुसऱ्याला गिळून टाकतो. एएममध्ये दोघांची टक्कर निदान कर्कश शिट्टीसारखी ऐकू तरी येते. १०९० मेगाहर्ट्‌झवर विमान स्वतःची जागा आणि उंची सांगत असते. ते ऐकायला अँटेना म्हणून जेमतेम सात सेंटिमीटरची तार पुरते, त्यामुळे घाटकोपरवरून उतरणारे विमान खिडकीतून दिसण्याआधी पडद्यावर दिसते. बंदराबाहेर नांगर टाकलेली जहाजे १६१.९७५ आणि १६२.०२५ वर आपली ओळख पाठवतात. १५६.८ ही सागरी हाकेची वारंवारता, म्हणजेच सोळावा चॅनेल.

हवामान उपग्रहांची चित्रे उतरवणे हा नव्या हौशींचा पहिला धडा असे. नोआ या अमेरिकी हवामान संस्थेचे ते जुने उपग्रह २०२५ मध्ये बंद झाले. आता रशियाच्या मेटिअर उपग्रहांवर भिस्त आहे.

या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. त्यामुळे विसाव्या मजल्यावरच्या माणसाला जे सहज मिळते, ते चाळीच्या तळमजल्यावर मिळत नाही. त्यात एलईडी दिवे आणि स्वस्त चार्जर यांची खरखर. उपाय एकच, गच्ची. आणि गच्चीची किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरीकडे.

कायद्याची बाजू मात्र गंमतीवारी नेण्याजोगी नाही. १९३३ च्या वायरलेस कायद्यात परवान्याविना नुसता ऐकण्याचा संच बाळगणेही गुन्हा ठरवले होते. तो कायदा आणि १८८५ चा तार कायदा यांची जागा घेण्यासाठी २०२३ चा दूरसंचार अधिनियम आला असून, दुसऱ्याचे संदेश बेकायदा टिपण्याला त्यातही शिक्षा आहे. जाणते हौशी म्हणूनच पोलीस आणि नौदलाच्या वाऱ्यालाही उभे राहत नाहीत.