ॲल्युमिनियमची मऊ तार आणि घरचं मिग मशीन: स्पूल गन नेमकं काय सोडवते?

लेंग्यात नाडी ओवताना तिचं टोक नुसतं ढकलत राहिलं तर ती आतल्या आत गोळा होते. सेफ्टी पिन लावून ओढावी लागते. घरच्या मिग मशीनवर, म्हणजे रिळावरची तार पुढे सरकवत आणि वितळवत धातू जोडणाऱ्या वेल्डिंग मशीनवर, ॲल्युमिनियमची तार चढवली की हाच प्रकार होतो. बटण दाबलं, रोलर फिरले, टिपेपाशी, म्हणजे तार बाहेर पडते त्या टोकाच्या भोकापाशी, तार क्षणभर अडली. झाकण उघडून पाहावं तर रोलर आणि लायनरच्या (केबलमधून तार नेणाऱ्या नळीच्या) तोंडामधल्या जागेत तारेचं घरटं! पोलादाच्या तारेवर हेच मशीन महिनोन्‌महिने निमूट चाललेलं असतं.

गंमत अशी की मिग मुळात जन्मलं ते ॲल्युमिनियमसाठीच. १९४८ साली अमेरिकेतल्या बॅटेल मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये ही पद्धत घडली, तेव्हा नजरेसमोर ॲल्युमिनियमसारखे अलोह धातू होते. स्वस्त कार्बन डायऑक्साइड वापरून पोलाद जोडायची युक्ती १९५०च्या दशकात आली आणि मग पोलादानेच मशीनचा ताबा घेतला. आज घरगुती मशीनचे रोलर, लायनर, केबल, सगळं पोलादी तारेच्या हिशेबाने बेतलेलं असतं.

बारीक काठी उभी धरून दाबली की ती मधूनच बाक खाते. ती किती जोर सहन करेल हे तीन गोष्टींवर ठरतं: धातूचा ताठपणा, जाडी आणि आधाराविना मोकळी राहिलेली लांबी. ॲल्युमिनियमचा ताठपणा सुमारे ७० गिगापास्कल, पोलादाचा २००, म्हणजे सुरुवातीलाच एक तृतीयांशावर घसरलो. जाडीचा परिणाम चौथ्या घाताने होतो. ०.८ मिमीऐवजी १.२ मिमी तार घेतली तर व्यास दीडपटच वाढतो, पण बाक न खाण्याची ताकद पाचपट होते. मोकळ्या लांबीचा हिशेब वर्गाचा आहे: रोलर आणि लायनरमधलं अंतर निम्मं केलं की ताकद चौपट. म्हणून लायनरचं तोंड रोलरच्या जितकं जवळ आणता येईल तितकं आणायचं.

दुसरी अडचण केबलची. विहिरीच्या दोराला खांबाभोवती एक वेढा दिला की भरलेली घागरही एका हाताने धरता येते. तोच नियम इथे उलटा बाधतो. केबलला पूर्ण एक वेटोळं पडलं आणि तार-लायनरमधला घर्षणांक ०.३ धरला, तर तार पुढे सरकवायला लागणारा जोर साडेसहा पटींवर जातो. टेफ्लॉनच्या लायनरने घर्षणांक ०.१ वर आला, तर त्याच वेटोळ्याला जेमतेम दुपटीपेक्षा कमी जोर पुरतो. पोलादी तारेला वाढलेला जोर पेलतो. ॲल्युमिनियमची तार मात्र मागे घरटं करते किंवा रोलरखाली चेपून तिचा चुरा लायनरमध्ये साचतो.

स्पूल गन हा वाद मुळातच टाळते. १०० मिमी व्यासाचं, साधारण ४५० ग्रॅम तारेचं छोटं रीळ गनच्या अंगावरच बसतं. लहान मोटर आणि रोलरही तिथेच. तीन मीटरऐवजी तारेला वीतभरच जायचं असतं. केबलमधून फक्त करंट, गॅस आणि मोटरच्या तारा येतात, त्यामुळे केबल कितीही वळली तरी तारेला त्याचं सोयरसुतक नसतं. नीट पाहिलं तर तार इथेही ढकललीच जाते, ओढली जात नाही. नाडीसारखी खरी ओढ असते ती पुश-पुल गनमध्ये: मशीनमधली मोटर ढकलते आणि गनमधली ओढते. मोठ्या रिळावर दिवसभर काम असेल तर ती उत्तम, पण तिची किंमत अनेकदा घरच्या मशीनच्या तोडीची असते.

तेव्हा घरच्या माणसापुढे खरी निवड दोनच गोष्टींत. एक, आहे त्याच टॉर्चमध्ये (केबलसकट नेहमीच्या गनमध्ये) टेफ्लॉन लायनर, यू आकाराच्या खाचेचे रोलर आणि ॲल्युमिनियमच्या तारेसाठीची टिप बसवणं. दुसरी, स्पूल गन. टॉर्च तीन मीटरचा असेल, केबल सरळ ठेवता येत असेल आणि तार १.० मिमी जाडीची ५३५६ (मॅग्नेशियमवाली ताठ तार) असेल, तर लायनर पुरतो. आमचं मत विचाराल तर अशा वेळी स्पूल गनवर पैसे घालू नयेत. पण ०.८ किंवा ०.९ मिमीची मऊ ४०४३ (सिलिकॉनवाली तार) चालवायची असेल, किंवा आज पोलाद उद्या ॲल्युमिनियम अशी अदलाबदल चालू असेल, तर दर वेळी लायनर, रोलर आणि रीळ बदलण्यापेक्षा स्पूल गन बरी.

तिचे तोटेही आहेत. ती अंगाने बोजड असते, चौकटीच्या आतल्या कोपऱ्यात शिरत नाही आणि डोक्यावर धरून काम करताना मनगट भरून येतं. छोट्या रिळाची तार किलोमागे महाग पडते आणि संपतेही भरभर. ०.९ मिमीची तार मीटरला सुमारे १.७ ग्रॅम भरते, म्हणजे ४५० ग्रॅमच्या रिळात साधारण २६० मीटर. मिनिटाला ९ मीटर या वेगाने ती अर्ध्या तासाच्या आत संपते. घरच्या कामाला अर्धा तास सलग ज्योत (आर्क) म्हणजे बरंच काम असतं, हेही खरं.

गन निवडताना आधी पाहायचं ते मशीन. मिलरची स्पूलमेट १०० किंवा लिंकनची मॅग्नम १००एसजी अशा छोट्या गन त्या-त्या कंपनीच्या ठरावीक मशीनसाठी असतात. बाजारात युरो कनेक्टरच्या, २४ व्होल्ट मोटरच्या स्वस्त गनही मिळतात. कनेक्टर नीट बसला म्हणजे गन चालेल असं नव्हे. मोटरचा व्होल्टेज, कंट्रोल प्लगच्या पिनांची जोडणी आणि तारेच्या वेगाची कळ गनवर आहे की मशीनवर, या तीन गोष्टी जुळाव्या लागतात. मशीनवर ‘स्पूल गन’ असा खटका किंवा मेनू नसेल तर सहसा नाद सोडलेला बरा. लहान गनची क्षमता १३० ते १४० अँपिअरच्या आसपास, तीही ३० टक्के ड्यूटी सायकलवर: दहा मिनिटांत तीन मिनिटं ज्योत, सात मिनिटं विश्रांती.

आता स्पूल गन जे सोडवत नाही ते. ती फक्त तार पोचवते; बाकी सगळं जिथल्या तिथे राहतं.

ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा २,००० अंशांच्याही वर. पापुद्रा तसाच राहिला तर खाली धातूचं पाणी आणि वर न फुटणारी साय, अशी अवस्था होते. म्हणून तार पॉझिटिव्हला जोडलेली हवी. त्या दिशेने ज्योत स्वतःच पापुद्रा फोडत जाते. बिनगॅसच्या फ्लक्स तारेसाठी मशीनची जोडणी उलटी करून ठेवली असेल तर ती आधी बदला. गॅस शुद्ध अर्‌गॉनच, मिनिटाला १० ते १४ लिटर. पोलादासाठीचं अर्‌गॉन-कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण ‘चालून जाईल’ म्हणून वापरलं की काळा, फुसका, जाळीदार जोड मिळतो.

करंटचाही प्रश्न आहे. ॲल्युमिनियम उष्णता पोलादाच्या चार-पाच पट वेगाने पसरवतं. शिवाय तारेचे थेंब फवाऱ्यासारखे उडायला हवेत. पोलादाच्या पत्र्यावर चालणारी तडतडती शॉर्ट-सर्किट पद्धत इथे जोड वरवर चिकटवते. ०.९ मिमी तारेला त्यासाठी साधारण १०० अँपिअर किंवा थोडे जास्त लागतात. ज्योत तडतडण्याऐवजी सलग फुसफुसू लागली की समजायचं. यामुळेच २ मिमीखालचा पत्रा घरच्या मिगवर मारू नये: करंट कमी केला तर चिकटत नाही, वाढवला तर भोक पडतं. तिथे टिगच (तार हाताने वेगळी द्यायची वेल्डिंग पद्धत) हवं. आणखी एक घरगुती हिशेब: १३० अँपिअर आणि २१ व्होल्ट म्हणजे ज्योतीतच पावणेतीन किलोवॅट. इन्व्हर्टरमधली घट आणि पॉवर फॅक्टर धरला तर साध्या मशीनला २३० व्होल्टवर १६ अँपिअरचा प्लग अपुरा पडू शकतो. स्वतंत्र लाइन घ्यावी.

तार कुठली? ४०४३ मध्ये सुमारे ५ टक्के सिलिकॉन. ती सहज वाहते, तडे कमी जातात, ओतीव भागांना चांगली. ५३५६ मध्ये ५ टक्के मॅग्नेशियम. जास्त ताठ, जास्त मजबूत, ५०५२ या मिश्रधातूच्या पत्र्याला योग्य, पण सतत ६५ अंशांच्या वर तापणाऱ्या भागाला नको. जोडावर ॲनोडायझिंग होणार असेल तर ५३५६ च. ४०४३ चा जोड करडा-काळा उठून दिसतो. ७०७५ किंवा २०२४ हाती आलं तर मशीन बंद ठेवा. हे मिश्रधातू अशा जोडात तडकतात.

३ मिमीचा ५०५२ पत्रा, टी जोड, ०.९ मिमी तार असं काम धरू. आधी ॲसिटोनने तेल पुसा, ते पूर्ण उडू द्या, मगच स्टीलच्या ब्रशने घासा. क्रम उलटला तर ब्रश तेल खरवड्यात कोंबतो. ब्रश स्टेनलेस स्टीलचा आणि फक्त ॲल्युमिनियमसाठी राखलेला. ब्रेक क्लीनर वापरू नका. क्लोरिनयुक्त द्रव ज्योतीजवळ फॉस्जीनसारखा विषारी वायू देतो. एवढी काटेकोर स्वच्छता हायड्रोजनसाठी. वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये तो घन धातूच्या सुमारे २० पट विरघळतो, आणि धातू गोठताना बाहेर पडायला वाट न मिळालेला वायू छिद्रं करून बसतो. तेल, दमट ऑक्साइड, नोझलमधला घाम, सगळीकडून तो येतो.

टिपेचं भोक तारेपेक्षा १०-१५ टक्के मोठं हवं, कारण तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. पोलादी तारेसाठीची घट्ट टिप लावली की तार आत अडकते आणि ज्योत मागे येऊन टिपेलाच चिकटते. रोलरचा दाब असा की तार लाकडाच्या तुकड्यावर टेकवून बटण दाबलं तर रोलर घसरावा, तार चेपू नये. रिळाचा ब्रेक नट बटण सोडल्यावर रीळ जागीच थांबेल इतकाच आवळा. तपासताना एक लक्षात ठेवा: बटण दाबलं असताना तार, रोलर आणि रीळ सगळ्यातच वीज खेळत असते. झाकण लावूनच ज्योत पेटवा, मुखवट्याची काच ११ किंवा १२ नंबरची.

सुरुवात ११० ते १३० अँपिअर, २१ व्होल्ट आणि मिनिटाला ९ ते १० मीटर तार इथून करा. पोलादापेक्षा हा वेग जवळपास दुप्पट आहे. ५३५६ ला तो थोडा अजून वाढवावा लागतो. टिप कामापासून १५ मिमीवर. गन १०-१५ अंश मागे कलती धरून जोड पुढे ढकलत न्या. ओढत नेली तर गॅस मागेच राहतो आणि जोड काजळतो. गन पेलायला दुसरा हात लागतोच, म्हणून कोपर टेकवायची जागा आधी शोधा.

पहिले दोन-तीन सेंटिमीटर थंड धातूवर जोड वरच बसतो. एका टोकाला भंगाराचा तुकडा टॅक करून (ठिपक्याएवढ्या जोडाने अडकवून) तिथून सुरुवात केली तर हा कच्चा भाग कामाबाहेर राहतो. पुढे पत्रा तापत जातो, तसा हातही वेगवान व्हायला हवा. नाहीतर सुरुवातीला बारीक असलेली बीड (जोडाची रेघ) शेवटी पसरून पत्रा खाली बसतो. संपवताना झटकन बटण सोडू नका. शेवटच्या खळग्यात चांदणीसारखा तडा तिथेच जातो. सेंटिमीटरभर मागे येऊन खळगा भरा, मग सोडा.

५३५६ च्या बीडशेजारी काळी धूळ दिसली म्हणून घाबरू नका. ती बाष्प झालेल्या मॅग्नेशियमची, फडक्याने निघते. काळेपणा बीडच्या अंगातच असेल आणि टाचणीएवढी छिद्रंही असतील, तर गॅस किंवा स्वच्छता तपासा. ताकदीबाबत भाबडेपणा नको: ६०६१-टी६ या मिश्रधातूची मूळ ताकद ३१० मेगापास्कल, जोडाशेजारच्या तापलेल्या पट्ट्यात ती १६५ च्या आसपास उरते, जोड कितीही देखणा दिसला तरी. शिडी, सायकलची फ्रेम, वजन उचलायचा हूक अशा कामांना हा आकडा आधी आठवा.

काम संपल्यावर रीळ गनवरच विसरू नका. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तर मुळीच नाही. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. पुन्हा चढवताना वरची तार मंद, पांढरट दिसली, तर पहिले दोन-तीन वेढे कापून टाका.