गरोदरपणात अचानक दिसेनासं झालं, तर आधी बीपी मोजा

आठव्या-नवव्या महिन्यातली बाई म्हणते, "डोळ्यापुढं अंधारी येतीय, माणसाचं तोंड नीट दिसंना." घरचे म्हणतात अशक्तपणा असंल, ऊन लागलं असंल. कुणी चष्म्याच्या दुकानात नेतं. मोलाचे तास जातात ते इथंच. डोळ्यात टॉर्च मारण्याआधी दंडाला बीपीचा पट्टा बांधायला हवा. 20 आठवड्यांनंतर बीपी 140/90 किंवा वर आणि त्यात नजर बिघडलेली, तर प्री-एक्लॅम्प्सिया (गरोदरपणात बीपी चढण्याचा आजार) गंभीर झाला असंच धरायचं, लघवीत प्रथिन नसलं तरी.

बीपी चढला की डोळ्याच्या आतल्या पडद्यामागच्या (रेटिनामागच्या) कोरॉइड थरातल्या बारीक धमन्या आकसतात. पडद्याखालच्या रंगपेशी एरवी तिथलं पाणी सतत उपसत असतात. रक्त कमी पडलं की हा उपसा थांबतो, पाणी साठतं आणि पडदा उचलला जातो, बहुतेकदा दोन्ही डोळ्यांत. तो फाटलेला नसतो, म्हणून शस्त्रक्रिया लागत नाही. प्रसूतीनंतर बीपी आटोक्यात आला की बहुधा काही आठवड्यांत पाणी जिरतं.

एकेक डोळा झाकून बोटं मोजायला सांगा, मग बाहुलीवर उजेड टाका. दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही, पण बाहुल्या चटकन आकसतात आणि पडदाही निरोगी आहे? मग दोष मेंदूच्या मागच्या भागातल्या सुजेचा. ही बाई झटक्यांच्या उंबरठ्यावर असते. एमआरआय लागतो, पण त्यासाठी उपचार थांबवू नयेत.

बीपी नॉर्मल, एकाच डोळ्यात मधोमध धूसर डाग, सरळ रेघ वाकडी दिसते, तर सेंट्रल सिरस नावाचा आजार असू शकतो; तो बहुधा बाळंतपणानंतर आपोआप ओसरतो. विजा चमकल्यासारखं, काळे ठिपके, कडेनं पडदा ओढल्यासारखं झालं, तर पडदा फाटल्याची शंका घ्या. तिथं मात्र शस्त्रक्रिया लागते. जोराच्या उलटीनंतर किंवा मधुमेहामुळं डोळ्यात रक्त उतरलं आणि आतलं दिसेना, तर डोळ्याची सोनोग्राफी करतात.

सोनोग्राफी आणि ओसीटी (पडद्याच्या थरांचा उजेडानं काढलेला फोटो) गरोदरपणात सुरक्षित आहेत. बाहुली मोठी करायचे थेंब तपासणीपुरते चालतात. घातल्यावर नाकाकडचा कोपरा दोनेक मिनिटं दाबून धरावा, म्हणजे औषध रक्तात कमी जातं. पडद्याच्या रक्तवाहिन्या बघायला देतात ते फ्लुरेसिन रंगाचं इंजेक्शन वारेतून बाळापर्यंत पोचतं, ते शक्यतो टाळतात. बीपी चढला असंल, तर सोबत प्लेटलेट आणि यकृताची तपासणी हवीच. प्लेटलेट 1 लाखाखाली म्हणजे धोका वाढला.

बीपी चढून नजर बिघडलेल्या बाईला प्राथमिक आरोग्य केंद्रात मॅगसल्फचा (मॅग्नेशियम सल्फेटचा) पहिला डोस, दोन्ही कुल्ल्यांत 5-5 ग्रॅम खोल स्नायूत, देऊन मगच 108 नं पुढं पाठवायचं. वाटेत झटका येऊ नये म्हणून. आणि पाठवायचं ते स्त्रीरोग व नेत्र दोन्ही विभाग एका आवारात असतील तिथं: संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाई, लातूर, नांदेड. बीड-धारूरकडच्या ऊसतोड बायांना आमची कळकळीची विनंती, माता-बाल कार्ड घरी कपाटात ठेवू नका, कोपीवर (ऊसतोडीच्या ठिकाणच्या झोपडीवर) सोबत न्या. आधीचा बीपी किती होता, हे परक्या मुलखातल्या डॉक्टरला त्याच कागदावरून कळतं.