पावकी, पाऊणकी आणि तीस सेकंद

आधी हे गणित बघा. २५, ५०, ७५, १००, ३ आणि ६ अशा सहा संख्या. प्रत्येक फार तर एकदा वापरायची. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, काहीही चालेल. उत्तर ९५२ आलं पाहिजे आणि वेळ तीस सेकंद. ब्रिटनच्या ‘काउंटडाउन’ या टीव्ही कार्यक्रमात १९९७ साली एका स्पर्धकानं ते सोडवलं. १०० आणि ६ मिळून १०६, त्याची तिप्पट ३१८, गुणिले ७५ म्हणजे २३,८५०. त्यातून ५० वजा जाता २३,८००. त्याला २५ नं भागलं, ९५२.

यातली गंमत शेवटच्या भागाकारात आहे. १०६ नवे ९५४, त्यातून २ गेले की झालं, इथवर अनेकजण पोचतील. पण ७५ चे ३ करायला २५ लागतात, ५० चे २ करायलाही २५ लागतात, आणि २५ तर एकच. म्हणून त्यानं भागाकार शेवटपर्यंत राखून ठेवला आणि एकाच २५ मध्ये दोन्ही कामं उरकली.

हे पाहताना मला गुहागरच्या घरातली पडवी आठवली. दिवेलागणीला शुभंकरोति झालं की आजोबा आम्हाला परवचा म्हणायला बसवत. तिशीपर्यंतचे पाढे झाले की अपूर्णांकांचे: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी (म्हणजे साडेतीनचा पाढा). ‘काउंटडाउन’च्या खेळातल्या मोठ्या संख्या चारच असतात, २५, ५०, ७५ आणि १००. म्हणजे शेकड्याची पावकी, निमकी, पाऊणकी आणि खुद्द शेकडा. ज्याला पावकी येते त्याला ३७ गुणिले २५ करायला कागद लागत नाही. ३७ चे पाव सव्वानऊ, म्हणून ९२५. तेराची पाऊणकी पावणेदहा, म्हणून तेरा गुणिले ७५ म्हणजे ९७५. आजोबांनी हा कार्यक्रम कधी पाहिला नाही, पण त्याची निम्मी तयारी त्यांनी आमच्याकडून करून घेतली होती, असं मला मनापासून वाटतं.

हे पाढे बाजारानं टिकवले होते. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, मणाचे चाळीस शेर असा हिशेब असताना सुपारी विकणाऱ्याला पाव-पाऊण तोंडावर हवेच होते. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो-ग्रॅम आले, आणि औटकीची रोजची गरज सरली. आमच्या घरात ती नुसत्या सवयीनं मागे राहिली.

खेळाचा उगम मात्र इंग्लंडातला नाही, फ्रान्समधला. आर्मां जामो यांनी १९६५ मध्ये तिथल्या दूरचित्रवाणीवर ‘सर्वांत लांब शब्द’ अशा अर्थाच्या नावाचा कार्यक्रम आणला. तेव्हा त्यात फक्त अक्षरं होती. १९७२ मध्ये संख्यांची जोड मिळाली आणि नावही ‘आकडे आणि अक्षरे’ अशा अर्थाचं झालं. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झालं. ब्रिटनमध्ये २ नोव्हेंबर १९८२ रोजी ‘चॅनल फोर’ ही वाहिनी सुरू झाली, तिचा पहिलाच कार्यक्रम ‘काउंटडाउन’ होता. अक्षरांच्या फेरीत नऊ अक्षरं, त्यांतून जमेल तेवढा लांब शब्द करायला तीस सेकंद, आणि निवाड्याला शब्दकोश घेऊन बसलेल्या कोशकार. सुझी डेंट १९९२ पासून ते काम करतात. संख्यांच्या फेरीत अचूक उत्तराला १० गुण, पाचच्या आत चुकलात तर ७, दहाच्या आत चुकलात तर ५. जिंकणाऱ्याला घड्याळाच्या आकाराची चहाची किटली मिळते. पैसे नाहीत, तरी माणसं त्यासाठी वर्षानुवर्षं तयारी करतात.

आपल्याकडच्या प्रश्नमंजुषांची वाट वेगळी. १९८५ चा ‘क्विझ टाइम’, २००० मधला ‘कौन बनेगा करोडपती’, या सगळ्यांत तुम्हाला काय ठाऊक आहे ते विचारतात. ‘काउंटडाउन’ विचारतो की समोर पडलेल्या तुकड्यांतून तुम्ही काय उभं करता. कोकणानं या दुसऱ्या जातीची माणसंही दिली आहेत. दापोलीजवळच्या मुर्डीचे र. पु. परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, झाले. त्यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक १९२७ मध्ये मिळालं ते डहाणूला जन्मलेल्या द. रा. कापरेकरांना. कापरेकर पुढे देवळालीला शाळामास्तर होते आणि आयुष्यभर अंकांशी खेळले. ३५२४ घ्या. अंक उतरत्या क्रमानं मांडा, चढत्या क्रमानं मांडा, वजा करा: ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. पुन्हा तसंच केलं की ८३५२, आणखी एकदा केलं की ६१७४. मग तुम्ही तिथून हलत नाही. चारही अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या सात पायऱ्यांच्या आत इथेच येते.

संख्यांची फेरी मराठीत उद्या सुरू करता येईल. अडतं ते अक्षरांशी. आपल्या भेंड्यांतही ‘ण’ आणि ‘ळ’ आले की सूट द्यावी लागते, पण इथली अडचण त्याहून मोठी आहे. क, म, ल ही तीनच व्यंजनं दिली आणि काना-मात्रा खेळाडूवर सोडल्या, तर कमल, कमाल, कोमल, मालक, मुलूक, मुकुल एवढे शब्द होतात आणि सगळे तीन अक्षरीच. मग लांबीवर गुण द्यायचे कसे? मात्रांसकट अक्षरं दिली तर बाराखडीच्या पसाऱ्यात एकही धड शब्द जुळायचा नाही. मला वाटतं, व्यंजनं आणि स्वरचिन्हं वेगवेगळ्या पट्ट्यांवर द्यावीत आणि प्रत्येक पट्टीला एक गुण ठेवावा. मग ‘मुलूक’ला पाच, ‘कमल’ला तीन. जोडाक्षराला आपोआप दोन पट्ट्या जातील. विभक्तीचे प्रत्यय बंद, नाहीतर ‘घर’चं ‘घराघरांतल्यांना’ करून कोणीही जिंकेल.

निवाड्याला माझ्या मते दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोशच हवा. १९३२ ते १९३८ या काळात त्याचे सात खंड निघाले, १९५० मध्ये पुरवणी आली. त्यात प्रांतोप्रांतीचे शब्दही नोंदले आहेत. मांगर (शेतातलं खोपटं), वय (कुंपण), खळं (अंगण) हे शब्द आम्ही कोकणात रोज बोलतो. स्पर्धेत बसलेल्या रत्नागिरीच्या मुलीनं ‘मांगर’ लिहिला, तर तो पुण्याच्या मुलानं कधी ऐकला नाही म्हणून खोडला जाता कामा नये.