थरथर मोजा, मग पाना उचला

टायर नवे टाकले, बॅलन्सिंग दोनदा झालं, इंजिनाचे माउंटिंग बदलले, तरी ऐंशीच्या वर गेलं की थरथर सुरूच. मित्राची जुनी फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाची ताकद देता येणारी गाडी), सहा महिने हेच, आणि प्रत्येक मिस्त्री वेगळ्याच पार्टवर बोट ठेवायचा.

अहो पण थरथर स्वतःच आपला पत्ता सांगते, फक्त मोजायला हवी. ताशी ८० किलोमीटरच्या स्पीडला गाडी सेकंदाला साधारण २२ मीटर जाते. टायरचा घेर २.३५ मीटर धरला तर चाकाच्या साडेनऊ फेऱ्या, आणि क्राऊन-पिनियनचा (अ‍ॅक्सलमधल्या गिअरच्या जोडीचा) रेशो ४ असेल तर प्रोपेलर शाफ्टच्या, म्हणजे गिअरबॉक्सकडून अ‍ॅक्सलकडे ताकद नेणाऱ्या दांड्याच्या, ३८. म्हणजे चाकात खोट असेल तर सेकंदाला नऊ-दहा धक्के, शाफ्टचा बॅलन्स गेला असेल तर ३८, आणि शाफ्टच्या टोकाच्या जॉइंटमधल्या क्रॉसची (अधिकच्या आकाराच्या तुकड्याची) भानगड असेल तर त्याच्या दुप्पट, ७५ च्या आसपास, ती सीटखाली गुणगुणल्यासारखी लागते. मोबाईलमधल्या अ‍ॅक्सिलरोमीटरचा (हालचाल मोजणाऱ्या सेन्सरचा) ग्राफ काढणारी अ‍ॅप्स फुकट मिळतात, फोन फ्लोअरवर घट्ट चिकटवायचा आणि गाडी दुसऱ्याला चालवायला द्यायची. बाकी त्याच स्पीडला न्यूट्रल करूनही थरथर तशीच राहिली तर इंजिनाला उगाच दोष देऊ नका.

दुप्पट का, ही खरी गंमत. क्रॉसचा जॉइंट तिरका असला की आत येणारा वेग एकसारखा असला तरी बाहेर जाणारा एका फेरीत दोनदा वाढतो, दोनदा घटतो. १५ अंशाला हा फरक दोन्हीकडे साडेतीन टक्के, ३ अंशाला नगण्य. म्हणूनच लिफ्ट किट टाकून गाडी उंच केली की जॉइंटचा अँगल वाढतो आणि नसलेली थरथर उपटते. शाफ्टच्या दुसऱ्या टोकाचा जॉइंट पहिल्याची ही चढउतार उलटी करून मिटवतो, पण दोन्हीकडचे अँगल सारखे हवेत आणि दोन्ही योक (क्रॉस धरणारे शाफ्टच्या टोकांचे दुबेळके) एका रेषेत हवेत. आता क्रॉस बदलताना शाफ्ट मधल्या स्प्लाइनमधून (दातेरी सांध्यातून) ओढून काढला आणि परत बसवताना दोन-चार दात इकडेतिकडे झाले तर काय होणार? जी दुरुस्ती केली तीच नवा बिघाड! मित्राच्या गाडीत नेमकं हेच निघालं, ग्राफमध्ये ७५ पाशी उंच सुळका, आणि शाफ्टवर कंपनीने मारलेल्या बाणाच्या खुणा एकमेकींपासून चांगल्या बोटभर लांब. क्रॉस मात्र बिचारा नवाकोरा.

फोर व्हील टाकल्यावर डांबरी रस्त्यावर वळताना गाडी अडखळते, लिव्हर निघत नाही, ही तक्रार वेगळी. पार्ट-टाइम सिस्टीममध्ये, म्हणजे गरजेपुरतीच फोर व्हील टाकायची असते तिथे, पुढचा-मागचा शाफ्ट एकत्र लॉक होतात, पण वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापतात, चिखलात ती घसरून हिशोब मिटवतात, कोरड्या रस्त्यावर हा फरक पीळ बनून गिअरमध्येच साठतो. थोडं सरळ रिव्हर्स घेतलं की बहुतेक वेळा सुटतो. पुढचे टायर नवे आणि मागचे ५ मिलिमीटर झिजलेले असतील तर सरळ रस्त्यावरही पीळ भरतो, कागदावर किलोमीटरला तेरा मीटरचा फरक पडतो, आणि लोक ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या शाफ्टला ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) उघडून बसतात.