फ्रॉममधला पत्ता आणि आउटगोइंग सर्व्हर: दिसतं एकाचं नाव, मेल जाते दुसऱ्याच्या लॉगिनवरून

ऑफिसच्या एकाच कॉम्प्युटरवर थंडरबर्ड या मेल प्रोग्रॅममध्ये तीन खाती असतात: विक्रीचं, हिशेबाचं आणि जुन्या ग्राहकांच्या सवयीचं एक जीमेल. पाठवताना फ्रॉममध्ये हिशेबाचा पत्ता निवडला की मेल हिशेबाच्याच खात्यातून गेली, असं सगळे धरून चालतात. ते तसं असेलच असं नाही.

फ्रॉम म्हणजे पत्राच्या डोक्यावर छापलेलं नाव. ते छापायला कुणाची परवानगी लागत नाही. मेल प्रत्यक्ष बाहेर पडते ती आउटगोइंग म्हणजे एसएमटीपी सर्व्हरवरून, आणि तिथे लॉगिन लागतं. मेल आणणारा सर्व्हर प्रत्येक खात्याला कायमचा बांधलेला असतो. पाठवणारे सर्व्हर मात्र थंडरबर्ड एका वेगळ्या, सामाईक यादीत ठेवतं. अकाउंट सेटिंग्जमध्ये डाव्या रकान्यात अगदी तळाशी ती यादी सापडते. कुठल्या खात्याने त्यातला कुठला सर्व्हर वापरायचा, हे त्या खात्याच्या मुख्य पानावर खालच्या बाजूला निवडायचं असतं. घोळ होतो तो इथेच.

जोडी चुकली तर काय होईल, हे सर्व्हरच्या स्वभावावर आहे. कडक सर्व्हर 553 दाखवून मेल परत करतो: हा पत्ता या युजरचा नाही. हे त्यातल्या त्यात बरं, कारण चूक लगेच कळते. जीमेलचा सर्व्हर भांडत नाही. फ्रॉममधला पत्ता त्या जीमेल खात्यात आधी पडताळून घेतलेला नसेल, तर तो गुपचूप बदलून जीमेलचा पत्ता घालतो. बिल हिशेबाचं, पण ग्राहकाला दिसतो जीमेलचा पत्ता आणि त्याचं उत्तरही तिकडेच जातं. शिवाय जीमेल पाठवलेल्या प्रत्येक मेलची प्रत स्वतःच्या सेंटमध्ये ठेवतं. ते जीमेल कुणाचं खाजगी असेल, तर ऑफिसची कोटेशनं त्याच्या खात्यात साठत राहतात.

सगळ्यात वाईट म्हणजे ढिला सर्व्हर. तो काहीही जाऊ देतो आणि रट्टा पलीकडे बसतो. घेणारा सर्व्हर डोमेनची (पत्त्यातल्या @ नंतरच्या भागाची) एसपीएफ नोंद बघतो, म्हणजे त्या डोमेनची मेल कुठल्या सर्व्हरवरून जाऊ शकते याची यादी. त्या यादीत हा सर्व्हर नसतो, आणि मेल स्पॅममध्ये पडते. फ्रॉममध्ये याहूचा पत्ता असेल तर बहुधा तीही सोय नाही: अशा बनावट दिसणाऱ्या मेल सरळ नाकारा, असं याहूने आपल्या डीमार्क नोंदीत (तपासणीत नापास मेलचं काय करायचं, हे सांगणारी डोमेनची नोंद) 2014 पासून लिहून ठेवलंय.

उपाय साधा आहे, कंटाळवाणा आहे. प्रत्येक पत्त्यासाठी यादीत वेगळी एसएमटीपी नोंद करायची. विक्री आणि हिशेब एकाच होस्टिंगवर असले तरी नोंदी दोन: सर्व्हर तोच, युजरनेम वेगळं, आणि युजरनेम म्हणजे बहुतेक ठिकाणी पूर्ण ई-मेल पत्ता. डिस्क्रिप्शनमध्ये 'विक्री', 'हिशेब' असं लिहा, नाहीतर निवडताना दोन्ही सारख्याच दिसतात. पोर्ट 465 असेल तर कनेक्शन सिक्युरिटीमध्ये एसएसएल/टीएलएस, 587 असेल तर स्टार्टटीएलएस; अदलाबदल केली तर कनेक्शनच जुळत नाही. 25 च्या वाटेला जाऊ नका, ते सर्व्हर-सर्व्हरमधल्या दळणवळणासाठी आहे आणि बऱ्याच इंटरनेट कंपन्या ते बंद ठेवतात. जीमेलला ओऑथ2 (गूगलच्या पानावरून लॉगिन) निवडा, किंवा टू-स्टेप (दोन टप्प्यांची पडताळणी) चालू करून 16 अक्षरांचा अ‍ॅप पासवर्ड घ्या.

एकाच खात्यावर जादा पत्ते असतील तर 'मॅनेज आयडेंटिटीज' उघडा. तिथे प्रत्येक ओळखीचा (आयडेंटिटी, म्हणजे पाठवायचा एकेक पत्ता) एसएमटीपी वेगळा असतो. मुख्य पानावर बदललं म्हणून आतल्या ओळखींचा बदलत नाही, आणि हे हटकून विसरलं जातं.

सगळी खाती एकाच माणसाच्या लॉगिनवर लटकलेली असली, तर तो नोकरी सोडून गेल्यावर आणि त्याचा पासवर्ड बदलल्यावर ते उघड होतं. मेल सगळ्यांना येते, जात कुणाचीच नाही, 535 (लॉगिन नाकारलं) दिसतो. मग जो तो स्वतःचा पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकत बसतो. तो बरोबरच असतो.

एकाच सर्व्हरवरून सगळं पाठवायचं असं मुद्दाम ठरवलं असेल, तर तो सर्व्हर डोमेनच्या एसपीएफमध्ये घाला. पण असलेल्या ओळीतच घाला. दुसरी एसपीएफ नोंद केली की दोन्ही निकामी होतात. त्या ओळीतून होणाऱ्या डीएनएस (डोमेनच्या नोंदी सांगणारी यंत्रणा) चौकशांची मर्यादाही 10 आहे.

तपासायला प्रत्येक पत्त्यावरून एक मेल कुठल्यातरी जीमेलवर पाठवा आणि तिथे 'शो ओरिजिनल' उघडा. वरच एसपीएफ, डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही), डीमार्क यांचे निकाल असतात. खालच्या मजकुरात 'रिटर्न-पाथ' शोधा: न पोहोचलेली मेल त्या पत्त्यावर परत येते, फ्रॉमवर नाही.

जुन्या आउटलुकमध्ये आउटगोइंग सर्व्हर खात्याच्या आतच असतो, म्हणून गोंधळ कमी. तरी 'मोअर सेटिंग्ज'मधला 'आउटगोइंग सर्व्हर' टॅब बघा. 'लॉग ऑन यूझिंग'च्या पुढे दुसऱ्याच कुणाचं नाव असेल, तर तिथे 'इनकमिंग सर्व्हरचीच सेटिंग्ज वापरा' हा पर्याय निवडा.